रबरी गादीचा ब्रश भिजत घालू नका

केसांचा ब्रश रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवला, आता गादी दाबली की काळपट पाणी येतं आणि वासही जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. सोड्याचा यात दोष नाही, भिजत घालण्याचा आहे. दात रबराच्या फुगीर गादीत बसवलेल्या ब्रशाला बहुधा गादीवरच एक बारीक भोक असतं. विंचरताना गादी दबते तेव्हा आतली हवा तिथून ये-जा करते. ब्रश बुडवला की पाणी त्याच वाटेनं आणि दातांच्या बुडांशी असलेल्या फटींतून आत शिरतं, पण सहज बाहेर येत नाही. मग आत बुरशी धरते. पाठ लाकडी असेल तर तीही फुगते.

आत्ता एवढं करा: भोक खाली येईल असा ब्रश धरून गादी हळूहळू दाबत पाणी काढा, मग कोरड्या टॉवेलवर दात खाली करून दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा. त्यानंतरही वास आला तर तो ब्रश खरंच टाकून द्या. गादीच्या आतली बुरशी बाहेरून घासून निघत नाही, आणि रोज डोक्याला लागणाऱ्या वस्तूत ती नको.

यापुढे धुण्याआधी गुंतवळ काढायची, तीही ब्रश कोरडा असतानाच. ओले केस दातांना चिकटून बसतात. शेपटीच्या कंगव्याचं टोक किंवा क्रोशाची सुई केसांखाली घालून ओळीओळीनं वर उचला. फार घट्ट बसली असेल तर दातांच्या दोन ओळींमधून लहान कात्री चालवा आणि तुकड्यांनी काढा. हिसका देऊ नका, दात मुळासकट उपसून येतात. निघालेली गुंतवळ मोरीत जाऊ देऊ नका, जाळी तुंबते. (काही भागांत गुंतवळ घेणारे फेरीवाले अजून दारावर येतात, तिथे बायका ती पिशवीत साठवून ठेवतात.)

मग उरते ती दातांच्या बुडाशी बसलेली राखाडी लव. त्वचेचा मृत थर, डोक्यातला तेलकटपणा, धूळ, उशीच्या अभ्र्याचे नि टॉवेलचे धागे असं सगळं त्यात असतं. आपल्याकडे वरून खोबरेल. ते साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, त्यामुळे थंडीत ब्रशावर पांढरट थर दिसला की लोक कोंड्याचा शाम्पू आणायला धावतात. आधी बोटानं चोळून बघा, विरघळला तर ते तेलच आहे.

तेलकटपणा काढायला शाम्पूच हवा, तो त्यासाठीच बनवलेला असतो. वाडगाभर कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घाला, दात घासायचा जुना ब्रश त्यात बुडवून बुडं घासा. घासताना दात जमिनीकडे ठेवा, म्हणजे पाणी गादीत न जाता खाली ओघळतं. शेवटी ओल्या फडक्यानं फेस पुसून घ्या. कढत पाणी नको, रबर आणि गोंद दोन्ही सैल पडतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्ला सगळीकडे दिसतो. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा परिणाम घालवतात. प्लास्टिकच्या कंगव्याला नुसता सोडा चालेल. डुकराच्या केसांच्या ब्रशाला मात्र तोही नको, कारण ते आपल्या केसांसारखंच केरॅटिन असतं. कडुनिंबाचा किंवा इतर लाकडाचा कंगवा पाण्यात न ठेवता शाम्पूच्या फडक्यानं पुसा आणि वाळल्यावर तेलाचं बोट फिरवा.

घरात उवा झाल्या असतील तर गोष्ट वेगळी. प्लास्टिकचे कंगवे आणि उवांची फणी किमान ५४ अंश गरम पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा. गादीच्या ब्रशाला हा उपाय चालत नाही, म्हणून तो दोन-तीन दिवस कोणी वापरू नका. डोक्यापासून दूर उवा साधारण दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: तेल लावलेल्या केसांत ब्रश घालू नका. त्यासाठी रुंद दातांचा साधा कंगवा वेगळा ठेवा, साबणानं तो मिनिटात धुऊन होतो. एवढं पाळलं आणि गुंतवळ रोज काढली, तर ब्रश पंधरवड्यातून एकदा धुतला तरी पुरतो. नाहीतर दर आठवड्याला घासत बसावं लागतं.

नवा घ्यावा लागलाच तर आरपार फटी असलेला, बिनगादीचा ब्रश बघा. तो थेट नळाखाली धुता येतो. आणि दातांच्या टोकांवरचे मणी नीट बसलेत का तेही तपासा. मणी गळाले की उघडं टोक टाळूवर ओरखडे काढतं.