पोटाच्या चरबीतून स्तन तयार केलं तर पोट कमजोर होतं का?

कर्करोगामुळे तुमच्या आईंचं स्तन काढलंय. आता पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन नवं स्तन करायचं ठरतंय, पण पुढे हर्निया होईल, कापूस वेचणं सुटेल अशी त्यांना धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी जळगावात प्लास्टिक सर्जन आहे. चोपडा, यावलकडच्या शेतात राबणाऱ्या बायकांची पहिली शंका हीच असते, आणि ती रास्तच आहे.

पोटाची ताकद चरबीत नसते. चरबीखाली दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना पांढरं, चकचकीत, चिवट आवरण असतं. वरच्या पोटात ते स्नायूच्या पुढेही असतं, मागेही. बेंबीखाली काही बोटं उतरलं की मागचा चिवट थर संपतो. तिथून खाली सगळी भिस्त पुढच्या थरावर. आणि आम्ही चरबी घेतो ती याच भागावरची.

ही चरबी घेण्याच्या दोन पद्धती सांगतो. ट्रॅम (TRAM) पद्धतीत, जी अमेरिकन सर्जन हार्टरॅम्प यांनी १९८२ साली मांडली, चरबीबरोबर स्नायू आणि आवरणाचा तुकडाही जातो. तिथे हर्नियाचा धोका जास्त, बऱ्याचदा पोटाला आधार म्हणून जाळी बसवावी लागते. डीप (DIEP) पद्धतीत स्नायू जागेवर राहतो. आवरणाला चीर देऊन, स्नायूचे तंतू बाजूला सारत चरबीला रक्त पुरवणारी बारीक रक्तवाहिनी मुळापर्यंत सोडवायची आणि छातीच्या हाडालगतच्या वाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडायची. वाटेत बारीक नसा आडव्या येतात. त्या तुटल्या तर स्नायू असूनही लुळा पडतो आणि पोट फुगतं, म्हणून इथे मी अजिबात घाई करत नाही. शेवटी आवरण शिवताना प्रत्येक टाका चिवट थरातच हवा. चरबीतला टाका धरत नाही.

डीपमध्येही धोका शून्य नाही, पण बराच कमी. मात्र ती सगळीकडे होत नाही. तेव्हा सर्जनना थेट विचारा: स्नायू काढणार का? आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, करणार का? सिझेरियन किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं असेल तर आठवणीने सांगा. नंतर किमान सहा ते आठ आठवडे कमरेच्या ओटीत कापूस नको, डोक्यावर गाठोडं नको.

आई मिश्री लावत असतील तर ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद करा. तंबाखूने वाहिन्या आकसतात आणि नव्या जागी लावलेली चरबी, त्वचा मरू शकते.