डेन्मार्कमधील बारा पक्ष आणि माझे “वाया गेलेले” मत

“५९ लाख लोकवस्तीच्या डेन्मार्कला संसदेत बारा पक्ष कशाला हवेत, आणि अशाने सरकार टिकते तरी कसे?” हा आपला प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत माझ्या थोरल्या मेहुण्यांनी विचारला होता. १ नोव्हेंबर २०२२ ची ती रात्र होती, ते आमच्याकडे पाहुणे म्हणून आले होते आणि टीव्हीवर मतमोजणी चालू होती. भारतीय पासपोर्ट परत करून मी डॅनिश नागरिकत्व घेतले ते बऱ्याच अंशी मतदानासाठीच, आणि संसदेसाठीचे माझे पहिले मत मी रादिकाले व्हेन्स्ट्रे या छोट्या मध्यममार्गी पक्षाला दिले होते. “एवढा खटाटोप करून मत वाया घालवलेस,” असे ते म्हणाले. तेव्हा हे उत्तर थोडे त्यांच्यासाठीही आहे.

पक्ष अनेक असण्याचे कारण निवडणुकीच्या नियमांत आहे. फोल्केटिंग, म्हणजे डॅनिश संसद, हिच्या १७९ जागांपैकी १७५ डेन्मार्कच्या असून फेरो बेटे आणि ग्रीनलंड यांच्या प्रत्येकी दोन आहेत. देशभरात २ टक्के मते मिळाली की पक्षाला प्रमाणात जागा मिळतात, त्यामुळे कोणालाही मोठ्या पक्षाच्या वळचणीला जाण्याची गरज उरत नाही. डावीकडे एन्हेड्सलिस्टेन, एसएफ (सोशलिस्ट पीपल्स पार्टी) आणि सोशल डेमोक्रॅट, उजवीकडे व्हेन्स्ट्रे, कॉन्झर्व्हेटिव्ह, लिबरल अलायन्स आणि डॅनिश पीपल्स पार्टी, हा ढोबळ नकाशा आपल्याला कुठेही मिळेल. तो अर्धवट आहे, कारण स्थलांतराच्या प्रश्नावर सोशल डेमोक्रॅट बऱ्याच उजव्यांइतकेच कठोर आहेत, तर रादिकाले आर्थिक बाबतीत उजवीकडे झुकूनही या प्रश्नावर सौम्य आहेत. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला हा फरक पुस्तकी वाटत नाही.

मुळात ती निवडणूक झाली तीच या “निरुपयोगी” पक्षामुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांच्या सोशल डेमोक्रॅट सरकारने करोनाच्या भीतीने देशातील सर्व मिंक मारण्याचा आदेश दिला. फरसाठी पाळलेले दीड कोटींहून अधिक प्राणी त्यात गेले, आणि निरोगी कळपांबाबत तसा आदेश देण्याचा अधिकारच कायद्यात नव्हता, हे नंतर उघड झाले. चौकशी आयोगाचा अहवाल आल्यावर सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या रादिकालेने बजावले की, निवडणूक जाहीर करा, नाहीतर अविश्वासाला तोंड द्या. फ्रेडरिक्सन यांनी निवडणूक जाहीर केली. मतदारांनी मात्र शिक्षा रादिकालेलाच दिली आणि त्यांच्या १६ जागांच्या ७ झाल्या. मेहुण्यांना यात माझा पराभव दिसला. मला त्यात असा पक्ष दिसला, ज्याने आपण पाठिंबा दिलेल्या सरकारला जाब विचारला आणि त्याची किंमत मोजली. माझे मत यापेक्षा अधिक कारणी कसे लागले असते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

सरकार टिकते ते वेगळ्या कारणाने. डेन्मार्कमध्ये पंतप्रधानांना बहुमताचा पाठिंबा सिद्ध करावा लागत नाही. विरोधात बहुमत नसले की पुरते. म्हणूनच अल्पमतातील सरकारे तिथे नित्याची आहेत, आणि संरक्षणासारखे मोठे विषय “फोर्लिग” नावाच्या पक्षापक्षांतील करारांनी ठरतात, जे सरकार बदलले तरी सह्या करणाऱ्यांवर बंधनकारक मानले जातात.

त्या रात्री अगदी शेवटी फेरो बेटे आणि ग्रीनलंडच्या तीन जागा धरून डाव्या गटाच्या ९० जागा भरल्या, म्हणजे काठावरचे बहुमत. तरीही सहा आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर फ्रेडरिक्सन यांनी सरकार स्थापले ते व्हेन्स्ट्रे आणि माजी पंतप्रधान लार्स लोके रासमुसेन यांच्या नव्या मोडरेट पक्षाबरोबर. मेहुण्यांना हवे असते तसे, बहुमताचे सरकार. त्या सरकारने काही महिन्यांतच १६८६ पासून चालत आलेली “स्टोरे बेडेडाग” (महाप्रार्थना दिन) ही सार्वजनिक सुट्टी संरक्षणखर्चाचे कारण देऊन रद्द केली. कामगार संघटना विरोधात होत्या, इतर पक्ष विरोधात होते, पण ऐकून घेण्याची गरजच नव्हती. दुबळे सरकार निदान दार वाजवून तरी आत येते.

हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट लपवणे योग्य नाही. १९७३ च्या निवडणुकीत संसदेतील पक्ष पाचाचे एकदम दहा झाले. संरक्षण खात्याऐवजी “आम्ही शरण आहोत” असे रशियनमध्ये सांगणारे टेलिफोनचे यंत्र बसवा, असे म्हणणारे मोगेन्स ग्लिस्ट्रुप आपल्या नव्या करविरोधी पक्षासह २८ जागा घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि त्यानंतर १९७५, १९७७, १९७९ आणि १९८१ अशा निवडणुका होत राहिल्या. मेहुण्यांनी कधी हे उदाहरण दिले असते, तर मला उत्तर देणे जड गेले असते. पण ते पक्षांची संख्या मोजण्यापलीकडे कधी गेलेच नाहीत.