परमिट रूममध्ये एकदाच भेटलेल्या माणसाचे दुःख

बारमध्ये एकदाच भेटलेल्या माणसाच्या निधनाचे दुःख मानावे का आणि ते घरच्यांना कसे सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मानावे. घरच्यांना पटवण्याच्या भरीस मात्र पडू नये. मी पडलो होतो.

2009 च्या पावसाळ्यात वडिलांचे वर्षश्राद्ध आटोपून मी लालबागच्या एका परमिट रूममध्ये शिरलो आणि जागा नसल्याने सत्तरीच्या एका गृहस्थांसमोर बसलो. टीव्ही इतक्या मोठ्याने चालू होता की वेटरचे बोलणे मला ऐकू येत नव्हते, त्यांना मात्र माझा शब्दन् शब्द कळत होता. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. वीस-बावीस वर्षे कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात, काढल्यावर कान गेले होते, ओठ वाचायची सवय राहिली होती.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते, हे ऐकताच त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि अधिकृतपणे कधीच मागे न घेतलेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा तो संप सर्वांना ठाऊक आहे. पण बदलीवाल्यांना कायम करा, हीदेखील त्यातली एक मागणी होती, हे आमच्या घरात कोणी उच्चारलेच नव्हते. संपाच्या नादी लागून बाबांनी संसार बुडवला, एवढेच माझा थोरला भाऊ सांगत आला होता. ते गृहस्थ म्हणाले, “बदलीवाला रोज फाटकाशी उभा राहायचा. कुणा कायमवाल्याचा खाडा पडला तर काम, नाहीतर भरलेला डबा घेऊन घरी.” तो डबा मला आठवला. बाबा लवकर परतले की त्यातली चपाती-भाजी आम्हा भावंडांना मिळत असे आणि आम्ही खूश होत असू.

मग त्यांनी सदऱ्याच्या शिवणीतून सुटलेला धागा तोडून त्याचे दोन तुकडे केले, चिमटीत धरून क्षणात गाठ मारली आणि ओढून पाहायला सांगितले. मी ओढला. धागा तुटला, पण गाठीपाशी नाही.

गणपतीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा ‘काका गेले’ एवढेच वेटरने सांगितले. मी त्यांचे नावही विचारले नव्हते. घरी येऊन रडलो, तर दादा म्हणाला, “ना नात्याचा ना गोत्याचा, दारूच्या टेबलावरच्या माणसाचे कसले सुतक?” सुतक नात्यागोत्यावर ठरते, हे मला मान्य आहे, पण तर्पणात गुरूंना आणि मित्रांनाही पाणी दिले जाते आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी मी बाबांच्या पानाशेजारी त्यांचेही पान वाढतो. दादा त्या दिवशी माझ्याकडे जेवायला येत नाही.

तुमची झोप आणि जेवण बरेच दिवस सुटले असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा, आणि हे दुःख ग्लासात बुडवू नका. त्या एका संध्याकाळीही आम्ही प्यायलो थोडे आणि बोललो फार. दादाशी माझा वाद अजून मिटलेला नाही. बाबा दुपारी लवकर घरी येत, तेव्हा त्यांच्या डब्यातली पहिली चपाती कोण उचलत असे, एवढेच मी त्याला दरवर्षी विचारतो.