स्टील गिटारवर कॅलिप्सो वाजवताना ते हवाईयन का वाटतं?

'जमैका फेअरवेल' हे कॅरिबियन गाणं तुमच्या स्टील गिटारवर नीट सुरात वाजतं, पण ऐकणारे त्याला हवाईयन म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते मींड जास्त होतेय.

आपल्यापैकी बहुतेकजण हिंदी गाण्यांवर हे वाद्य शिकलो, गायकाचा गळा बारने, म्हणजे तारांवर सरकवायच्या धातूच्या दांडीने, काढत. सुरावरून सुरावर घसरत जायची सवय तिथलीच. कॅलिप्सोत, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या त्या गायनशैलीत, शब्द दाटीने येतात, सूर टपटप पडायला हवेत. तार छेडलीत की लगेच उजव्या तळहाताची कड टेकवून ती बंद करा, बार पुढच्या फ्रेटवर (गिटारवरच्या आडव्या रेषेवर) न्या आणि मगच पुढचा सूर छेडा. मला हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले. आधी चाल अगदी कोरडी वाटते. वाटू द्या.

मग ठेका. केरव्यासारख्याच आठ मात्रा, पण जोर पहिली-पाचवीवर न देता पहिली, चौथी आणि सातवीवर: तीन-तीन-दोन. आठवडाभर अंगठ्याने नुसती खर्जाची तार या तीन जागी वाजवा. हा झोका हातात आल्याशिवाय चालीला हात लावू नका.

ट्यूनिंग मी सी सिक्स्थ ठेवतो. जाड तारेपासून सी, ई, जी, ए, सी, ई. सी हा सा धरला तर वरच्या तीन बारीक तारांवर पाचव्या फ्रेटला रे-म-ध, सातव्याला ग-प-नी, बाराव्याला ध-सा-ग मिळतात. म्हणजे तीन फ्रेटमध्ये सगळे शुद्ध सूर! शेजारच्या दोन तारा जोडीने छेडा, चाल लगेच भरीव होते. फक्त सा वर विसावताना तिसरी तार गाळा. तिथला ध मिसळला की पुन्हा तो हवाईयन गोडवा येतो.

'जमैका फेअरवेल' गायक हॅरी बेलाफॉन्टेच्या १९५६ च्या 'कॅलिप्सो' अल्बममुळे जगभर गेलं, पण त्याची चाल जमैकाच्या मेंटो या लोकसंगीताच्या घरातली आहे. कॅलिप्सो त्रिनिदादचं. त्यासाठी लॉर्ड किचनर आणि माइटी स्पॅरो हे गायक भरपूर ऐका, आणि तिथलं स्टीलपॅन हे काठ्यांनी वाजवायचं पोलादी वाद्यही. पॅनवर लांब सूर धरायचा तर दोन्ही काठ्या भराभर आलटूनपालटून मारतात. तुम्हीही लांब सुरावर बार हलवू नका. तो स्थिर ठेवून अंगठा आणि तर्जनीने तीच जोडी भराभर छेडत राहा.