वाचकांचे प्रश्न : मृत्यूचं कारण शोधण्याच्या कामात कसं जायचं?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. संशयास्पद मृत्यूंचा छडा लावण्याचं काम मला करायचंय. नीट देऊ की बीएस्सी फॉरेन्सिकला प्रवेश घेऊ? (विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : आपल्याकडे या कामाचं असं एकच पद नाही, हे आधी ध्यानात घे. मुंबईत पूर्वी कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता. ती पद्धत १९९९ मध्ये बंद झाली. आता काम वाटलेलं आहे. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचांसमक्ष इन्क्वेस्ट (मृतदेह पाहून केलेला) पंचनामा करतात. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. शवविच्छेदन डॉक्टर करतो आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव) प्रयोगशाळेत तपासला जातो.

यातल्या कुठल्या खुर्चीवर बसायचंय ते ठरव, शिक्षण त्यावरून ठरेल. पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये मृत्यूच्या कारणाखाली सही डॉक्टरचीच असते. ती करायची असेल तर नीट, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट पीजी आणि तीन वर्षांचं एमडी फॉरेन्सिक मेडिसीन. क्लिनिकल शाखांच्या मानाने ही जागा बऱ्याच खालच्या रँकलाही मिळते. घटनास्थळ आणि जबाब यांत रस असेल तर कुठलीही पदवी घेऊन एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक हो.

बीएस्सी फॉरेन्सिक हा प्रयोगशाळेचा रस्ता आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत; गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यातही आहे. पण ही पदवी घेऊन शवविच्छेदन करता येत नाही. बऱ्याच मुलांना हे शेवटच्या वर्षाला कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन-तीन महिन्यांच्या ऑनलाइन 'क्राइम इन्व्हेस्टिगेशन' सर्टिफिकेटवर तर पैसे घालूच नकोस. त्यावर सरकारी भरती होत नाही.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. पुढे एमडी फॉरेन्सिक करायचा विचार आहे. तोवर इथे पीएम करावीच लागतात. कोणत्या सवयी आत्ताच लावून घ्याव्यात? (डॉक्टर, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : कागद आधी, सुरी नंतर. पंचनामा आणि पोलिसांचं मागणीपत्र पूर्ण वाचल्याशिवाय टेबलाजवळ जाऊ नका. मृतदेहाची ओळख सोबत आलेल्या पोलिसाकडून पटवून घ्या आणि त्याचा बक्कल नंबर लिहून ठेवा. मग कपडे, मरणोत्तर ताठरपणा, शवडाग (रक्त खाली साठून त्वचेवर पडणारे डाग), जखमा. प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये लिहा आणि टाच किंवा मधली रेषा अशा ठरावीक खुणेपासूनचं अंतर द्या. 'डोक्यावर मोठी जखम' एवढंच लिहिलेलं असलं तर उलटतपासणीत बचावाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

गळफासाची प्रकरणं तुमच्याकडे बरीच येत असतील. तिथे क्रम महत्त्वाचा. आधी कवटी आणि छाती उघडा, मानेतल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त निथळून जाऊ द्या, मग मान एकेक थर करत उघडा. थेट मानेवर सुरी चालवली तर अन्ननलिकेच्या मागे रक्त झिरपतं. ते गळा दाबल्याच्या खुणेसारखं दिसतं, आणि आत्महत्येचा खून होऊन बसतो. फास मृतदेहासोबतच मागवून घ्या. गाठ सोडू नका. गाठीपासून लांब कापा आणि कापलेली दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून ठेवा. ठाण्यातल्या हवालदारांनाही हे समजावून सांगा, कारण बहुतेक वेळा गाठ घटनास्थळीच सुटलेली असते.

आता व्हिसेरा. खरी हानी होते ती इथे. पहिल्या बरणीत जठर त्यातल्या ऐवजासकट आणि लहान आतड्याचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटर तुकडा. दुसरीत यकृताचा सुमारे ५०० ग्रॅमचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे अर्धे भाग. १० मिलिलिटर रक्त सोडियम फ्लोराइडच्या बल्बमध्ये (छोट्या बाटलीत), त्यात १०० मिलिग्रॅम फ्लोराइड. बरणीतलं द्रावण म्हणजे मिठाचं संपृक्त पाणी : तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे, तोवर मीठ घालत राहा. यकृताला चिरा द्या, मूत्रपिंडं कापून घाला, म्हणजे द्रावण आतवर पोचेल. बरणी दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. आत वायू साठतो आणि वाटेत झाकण उडतं. नुसत्या द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवा, नाहीतर विष द्रावणातूनच आलं असेल ही शंका खोडता येत नाही. लेबल, सील, सीलचा नमुना आणि नेणाऱ्याची सही यांतलं एक जरी राहिलं तरी प्रयोगशाळा नमुने परत पाठवू शकते.

फॉर्मॅलिन फक्त हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींच्या तपासणीसाठी), १० टक्के. तो व्हिसेऱ्यात गेला की ऊती कडक होतात आणि विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. दोन्ही बाटल्या एकाच टेबलावर असल्या की लेबलांची अदलाबदल होते, म्हणून लेबल आधी चिकटवा आणि मग भरा.

विषाचा संशय असेल तर मत राखून ठेवा आणि सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट आल्यावर अंतिम मत द्या. रिपोर्टला महिनोन् महिने लागतात, नातेवाईक रोज दारात उभे राहतात. तरी घाईने कारण लिहू नका. मृत्यूची वेळही एका आकड्यात सांगू नका, अंतर सांगा. मे महिन्यातल्या नंदुरबारमध्ये ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो.

वॉर्डातला एक मुद्दा राहिला. मृत्यूच्या कारणाच्या फॉर्म ४ वर 'हृदय व श्वसन बंद पडणे' असं लिहिण्याची सवय मोडा. तो मृत्यूचा प्रकार झाला, कारण नव्हे. आणि मृत्यू अनैसर्गिक वाटला तर तो फॉर्म भरूच नका, पोलिसांना लेखी कळवा.

प्रश्न : बीएस्सी केमिस्ट्री झालंय. टॉक्सिकॉलॉजीत (विषांच्या तपासणीत) जागा मिळेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : मिळू शकते. आपल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथेही प्रयोगशाळा आहेत. वैज्ञानिक सहायक आणि सहायक रासायनिक विश्लेषक या पदांच्या जुन्या जाहिराती आधी काढून वाचा. कुठल्या विषयाची पदवी चालते ते तिथेच कळेल. एमएस्सी अॅनालिटिकल केमिस्ट्री केलंत तर गॅस क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या तंत्रावर) हात बसेल, आणि खासगी औषध कंपन्यांचं दारही उघडं राहील. सरकारी जाहिरात वर्षानुवर्षं निघत नाही, म्हणून हा दुसरा आधार हवाच.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकतेय. तिथे डॉक्टर न होता हे काम करता येतं, असं ती म्हणते. खरं आहे का? (पालक, ठाणे)

उत्तर : खरं आहे. तिथे मेडिकोलीगल डेथ इन्व्हेस्टिगेटर हे स्वतंत्र पद आहे. ही माणसं घटनास्थळी जातात, मृतदेह पाहतात, औषधांच्या बाटल्या मोजतात, नातेवाइकांशी बोलतात; शवविच्छेदन मात्र फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्टच (या विषयाचा तज्ज्ञ डॉक्टर) करतो. त्यांच्या राष्ट्रीय मंडळाची पहिल्या पातळीची नोंदणी हवी असेल तर अशा कार्यालयातल्या कामाचा ६४० तासांचा अनुभव लागतो. म्हणजे आधी नोकरी, मग नोंदणी. तेव्हा तिने आपल्या काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) मेडिकल एक्झामिनर किंवा कॉरोनर कार्यालयात इंटर्नशिपसाठी आत्ताच अर्ज करावा, आणि त्या कार्यालयाला तिचा व्हिसा चालतो का हे अर्जाआधी विचारून घ्यावं.