समुद्रकाठचे खळे आणि सळईचा मोह

घरबांधणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. मालवण तालुक्यात आमचे सासरचे जुने चिरेबंदी घर आहे आणि समुद्र तेथून जेमतेम दोनशे पावलांवर आहे. घरापुढचे खळे पूर्वी सासूबाई शेणाने सारवत असत. आता सारवायला कोणी नसल्यामुळे तेथे २० फूट लांब आणि १२ फूट रुंद असा पक्का कोबा करून घ्यायचा आहे. आमचे कोल्हापूरचे ठेकेदार चार इंच जाडीत आठ एमएमच्या सळईची जाळी टाकायला सांगतात. गावातले गवंडी मात्र सळई नकोच म्हणतात. मे महिन्याची सुट्टी आणि गणपती एवढेच आमचे जाणे असल्याने पुन्हा पुन्हा दुरुस्ती काढणे जमणार नाही. कोणाचे ऐकावे?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : गवंड्यांचे ऐका. ठेकेदारांचा सल्ला कोल्हापुरातील अंगणासाठी चालून जाईल, कारण येथील हवेत मीठ नाही. समुद्रापासून दोनशे पावलांवर मात्र तीच जाळी कोबा फोडण्याचे कारण ठरते.

काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित राहते ती सिमेंटच्या क्षारधर्मी गुणामुळे, कारण त्यामुळे लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. समुद्रावरून येणाऱ्या तुषारांतले क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत उतरते आणि सळईपर्यंत पोहोचले की हा थर तोडते. पुढे जो गंज चढतो तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि त्या फुगवट्याचा जोर काँक्रीटला सोसत नाही. म्हणूनच ‘आयएस ४५६ : २०००’ हे भारतीय मानक किनारी हवेतील काँक्रीटमध्ये सळईवर किमान ४५ मिलिमीटर आणि समुद्राचे तुषार थेट येतात तेथे ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण ठेवायला सांगते. आता आपल्या कोब्याचा हिशेब करून पाहा. चार इंच म्हणजे साधारण १०० मिलिमीटर. त्यातले वरून ४५ आणि खालून ४५ गेले की मध्ये १० मिलिमीटर जागा उरते. आणि आठ एमएमची उभी-आडवी सळई एकमेकींवर बांधली की जाळीच होते १६ मिलिमीटर जाडीची. नियम पाळून ही जाळी त्या कोब्यात बसतच नाही. प्रत्यक्षात तर काम करणारी माणसे तिच्यावरून घमेली घेऊन चालतात, ती कुठे जमिनीला टेकते, कुठे वर येते, आणि आवरणाचे अंतर राखणारे कव्हरचे ठोकळे कोणत्या कोपऱ्यात निसटले ते नंतर कोणालाच दिसत नाही.

ही चूक एकदा माझ्याही हातून झाली आहे, हे येथे सांगणे भाग आहे. नात्यातल्या एका घरासाठी मी अशाच जाळीचा आग्रह धरला होता. पाचव्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा कोब्यावर तपकिरी रेषांचा चौकटा उमटला होता. वहीच्या पानावर रेघा आखाव्यात तशी खालची संपूर्ण जाळी वरून मोजता येत होती. हातोडीने ठोकले की रेषांवर बद्द आवाज येई आणि चौकोनांच्या मध्यावर खणखणीत. काँक्रीट चांगले होते. सळईने ते वाया घालवले.

‘पण सळई नसेल तर तडे जाणार’ असे आपले ठेकेदार म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. सुकताना प्रत्येक काँक्रीट आक्रसते आणि आक्रसताना कुठेतरी तडकते. सळई तडा थांबवत नाही, तडा गेल्यावर त्याच्या दोन कडा एकमेकींजवळ धरून ठेवते, एवढेच तिचे काम. त्यामुळे छत किंवा तुळई यांची गोष्ट वेगळी असली, तरी सबंध जमिनीवर टेकलेल्या अंगणाला अधिक शहाणपणाचा उपाय म्हणजे तडा कोठे जावा हे आपणच आधी ठरवणे. चार इंचांच्या कोब्यात दर आठ ते दहा फुटांच्या आत सांधा हवा. आपल्या २० बाय १२ च्या खळ्याचे लांबीत तीन आणि रुंदीत दोन असे सहा जवळपास चौरस तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकडा सुमारे पावणेसात फूट बाय सहा फूट होईल. कटर मिळत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, काँक्रीट काप घेण्याइतके घट्ट झाल्याबरोबर, एक इंच खोल काप घ्यावा. कोब्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा उथळ काप केवळ नक्षी ठरतो आणि तडा आपल्या वाटेने निघून जातो. जुन्या घरांत कोब्यात काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडलेले आपण पाहिले असतील. त्यामागे शोभेइतकाच हाही विचार होता.

घराच्या जोत्याला आणि तुळशीवृंदावनाला कोबा चिकटू देऊ नका. त्यांच्याभोवती अर्धा इंच जाडीची बिटुमिनची पट्टी उभी लावून मगच काँक्रीट ओतावे, नाहीतर पहिला तडा वृंदावनाच्या कोपऱ्यातून निघेल. आणखी एक गोष्ट शहरातल्या इंजिनिअरच्या ध्यानात सहसा येत नाही. पाऊस सरला की तिकडे खळ्यात मांडव घालतात, ज्याला माटव म्हणतात. त्याच्या मेढींसाठी, म्हणजे खांबांसाठी, जागा आधीच ठेवली नाही, तर पहिल्याच दिवाळीत कोणीतरी पहार घेऊन नव्या कोब्याला भोके पाडेल. मेढी जेथे येतात तेथे पीव्हीसी पाइपचे तुकडे जमिनीत एक-दीड फूट खोल उभे पुरून त्यांची तोंडे कोब्याच्या पातळीला आणा आणि वरून टोपणे लावा. हे पाइप सांध्यांच्या रेषेवर किंवा कडेला आले तर उत्तम. लोखंडी नळ्या मात्र पुरू नका, कारण मग सळईची सगळी कथा तेथे नव्याने सुरू होईल.

आता मालाविषयी. सिमेंट स्लॅगचे (पोलाद कारखान्यातील भट्टीची मळी मिसळलेले) किंवा पीपीसी (बहुधा फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची राख मिसळलेले) घ्यावे. खाऱ्या हवेत ही सिमेंटे ओपीसी या साध्या सिमेंटपेक्षा क्लोराइडला अधिक अडवतात. खडी काळ्या दगडाची, वीस एमएमची आणि धुतलेली असावी. जांभ्याचे तुकडे सच्छिद्र असतात, ते भरावाला चालतील, काँक्रीटला नाहीत. वाळू खाडीची किंवा पुळणीवरची कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, क्रशसँड, म्हणजे दगड चुरून केलेली वाळू, घ्यावी. प्रमाण १ : १।। : ३ ठेवा, म्हणजे एका गोणीला ३५ लिटरच्या फर्म्याने (मापाच्या पेटीने) दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. आपल्या खळ्याला ८० घनफूट, म्हणजे सव्वादोन घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागेल आणि त्याला सुमारे १८ गोण्या सिमेंट पुरेल. घमेल्यांनी अंदाजपंचे माल टाकू देऊ नका.

पण सिमेंटच्या गोण्यांपेक्षा पाण्याची बादली मोजणे अधिक महत्त्वाचे आहे. एका ५० किलोच्या गोणीला सर्व मिळून २२ लिटरांपेक्षा जास्त पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर आणखी कमी. काँक्रीट सरबरीत केले की पसरायला सोपे जाते, म्हणून दुपारनंतर थकलेली माणसे पाइप सोडतात. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी राहिलेल्या छिद्रांतून मीठ आत येते. पाणी कोणते, हेही पाहावे लागेल. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. याच मानकानुसार मिसळायच्या पाण्यात सळई असलेल्या काँक्रीटसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालते आणि विनासळईच्या काँक्रीटसाठी २००० पर्यंत. येथेही सळई टाळल्याचा फायदाच आहे. तरीही मचूळ पाण्याने कोब्यावर पांढरा लोणा फुटतो, म्हणून टँकरने गोडे पाणी आणणे बरे. एक बाटली भरून कोल्हापुरात आणलीत तर बांधकाम साहित्य तपासणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत ते तपासून मिळेल.

खालची तयारी थोडक्यात सांगतो. वरची सहा इंच माती काढून टाका, तळ पाणी मारून धुमसाने चोपा, त्यावर चार इंच खडीचा थर दाबून घ्या आणि वर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे जमिनीतला खारट ओलावा वर चढणार नाही. उतार घरापासून बाहेर, ६० ला १ या प्रमाणात, म्हणजे १२ फुटांत जवळजवळ अडीच इंच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे ‘थोडा ढाळ दिला आहे’ हे पुरत नाही. नळीने पातळी तपासून घ्या.

पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करण्याचा मोह गवंड्यांनाही होतो, आणि येथे मात्र त्यांचे ऐकू नये. वर आलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले की दिवसभर आरशासारखे दिसते आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. शिवाय श्रावणात शेवाळ धरले की त्या आरशावर माणूस उभा राहू शकत नाही. वरचे पाणी आपोआप जिरू द्यावे, लाकडी रंध्याने एकसारखे करावे आणि माडाच्या हिरांचा खराटा उताराच्या दिशेने एकदाच हलक्या हाताने ओढावा.

शेवटी पाणी मारणे. स्लॅग किंवा पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस आणि शक्यतो १४ दिवस सतत ओल हवी. रविवारी काँक्रीट ओतून संध्याकाळी आपण घाट चढलात आणि पुढचे दोन आठवडे कोणी फिरकले नाही, तर वर लिहिलेले सारे व्यर्थ जाईल. ओले बारदान अंथरून त्यावर प्लास्टिक टाका आणि रोज गोडे पाणी शिंपडायला शेजारचा माणूस मजुरी ठरवून नेमा. काम मे महिन्यात काढू नका. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ सर्वांत चांगली, त्यासाठी एक रजा जास्त टाकावी लागली तरी चालेल. समुद्र इतका जवळ आहे, तेव्हा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतले सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम आपल्या जागेला कसे लागू होतात, हे ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवा.

प्रश्न : आमचेही देवगडला असेच काम आहे. कोल्हापुरातून रेडीमिक्सची, म्हणजे कारखान्यात तयार मिसळलेल्या काँक्रीटची, गाडी नेता येईल का? खर्चाची चिंता नाही.
– एक वाचक, कागल

उत्तर : खर्चाची चिंता नसली तरी वेळेची आहे. पाणी मिसळल्यापासून साधारण दोन तासांत रेडीमिक्स ओतून मोकळे व्हावे लागते. गगनबावड्याने जा किंवा राधानगरीवरून फोंडा घाटाने जा, जड गाडीला तेवढ्या वेळात देवगड गाठता येत नाही. वाटेत घट्ट होऊ लागलेल्या मालात चालक पाणी मिसळतो आणि आपण ‘कोल्हापूरचा माल’ म्हणून विरघळलेली ताकद विकत घेतो. जागेवर छोटा मिक्सर लावा.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या फौंड्रीतून वापरलेली वाळू फुकट मिळते. ती किनाऱ्यावरच्या अंगणासाठी चालेल काय?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : साच्यांच्या त्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते. दोन्ही पाणी पितात, म्हणजे मघाशी सांगितलेले २२ लिटर तेथे पुरणार नाहीत आणि काँक्रीट सच्छिद्र होईल. तपासणी करून थोड्या प्रमाणात मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली. खाऱ्या हवेतल्या अंगणात ती वापरू नये. खालच्या भरावातही नको.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या घरापुढील जुना कोबा फुगून फुटला आहे. त्यावरच टाइल्स बसवल्या तर?
– एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : आधी हातोडीने ठोकून पाहा. तड्यांतून तपकिरी डाग येत असतील आणि आवाज बद्द असेल, तर आत सळई गंजते आहे आणि टाइल्ससह सगळे पुन्हा वर उचलले जाईल. असा कोबा काढूनच टाकावा. त्याचा चुरा नव्या काँक्रीटमध्ये घालू नये, कारण त्यात मीठ मुरलेले असते. आवाज सगळीकडे खणखणीत असेल, तर मात्र टाइल्सचीही गरज नाही. तडे साफ करून लवचीक सीलंट भरा आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचे, आत मुरणारे जलरोधक द्रव्य मारा. ते काही वर्षांनी पुन्हा मारावे लागते.