मुलीला लंडनला पाठवायचंय? आधी गहाणखत थांबवा

नमस्कार,

तुमची मुलगी बीए इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या साध्या माणसांची चरित्रं लिहायचं तिच्या मनात आहे. तुम्ही लिहिता, 'आमची हरकत नाही. दोन एकर गहाण टाकतो, लंडनला एमए करू दे. पण परत आल्यावर दोन वर्षांत प्राध्यापक झालीच पाहिजे.'

हरकत नाही म्हणता आणि त्याच दमात अट घालता. विरोध करणाऱ्या बापाशी मुलगी भांडू तरी शकते. तिच्यासाठी जमीन गहाण टाकणाऱ्याशी कशी भांडणार? तिकडे विषय नकोसा झाला, तर ती तुम्हाला कळूही देणार नाही. प्राध्यापकाच्या जागा कधी निघतील, हे ना तिच्या हातात ना तुमच्या. अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि पाठवण्याआधी वाचू नका.

प्राध्यापकीसाठीची सेट-नेट परीक्षा, संशोधनासाठीची जेआरएफ शिष्यवृत्ती तुम्हाला ठाऊक आहेच. ते इथे राहून होतं.

ब्रिटिशांचा इतिहास लंडनला गेल्याशिवाय जमत नाही, हा समज मात्र सोडा. ओल्ड बेली न्यायालयातले 1674 ते 1913 चे खटले इंटरनेटवर फुकट वाचता येतात. 'लंडन लाइव्हज' या संकेतस्थळावर 1690 ते 1800 मधल्या सामान्य, गरीब लंडनकरांचे कागद आहेत. एकच नाव खटल्यात आणि चर्चच्या मदतीच्या नोंदीत सापडलं की चरित्राचा धागा हाती येतो. पण नाव एक म्हणून माणूस एकच, असं नाही. मेरी स्मिथ तिथे ढिगानं. तारखाही फसवतात. 1752 पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे कागदावरचा फेब्रुवारी 1739 हा आपला फेब्रुवारी 1740. हे माहीत नसेल, तर जून 1739 च्या लग्नाआधीच बारसं उरकलं जाईल! ही चिकाटी तिच्यात आहे का, ते घरबसल्या कळेल.

शिवाय 1786 पासून पुण्यात इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, असलेला चार्ल्स मॅलेट, सवाई माधवरावांचं चित्र काढणारा स्कॉटिश जेम्स वेल्स हीही ब्रिटिश आयुष्यंच. ईस्ट इंडिया कंपनीचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. तिनं मोडी शिकावी. पेशवे दफ्तर वाचता आलं, तर तिकडच्या बहुतेक संशोधकांच्या ती पुढेच असेल.

या लेखनावर पोट भरणार नाही, हे तिला आत्ताच सांगा. एमए इथेच, जोडीला ग्रंथालयशास्त्र. लंडन मात्र शिष्यवृत्ती मिळाली तरच.